आधी रात्रीचं रीडिंग घे

पोरी, विद्यापीठाचा विद्युत विभाग आता तुझ्याकडे आला आहे. टेंडरं, दरपत्रकं, कंपन्यांची माणसं हे सगळं तुझ्या टेबलावर आपोआप येईल. त्याआधी एक ऐक. वीज वाचवायची सुरुवात खरेदीपासून करू नकोस. आधी मीटर वाच, आणि तेही पहाटे तीनला.

मला हे माझ्या पहिल्या वरिष्ठांनी शिकवलं. ते म्हणायचे, दिवसा वीज कोण वापरतं ते सगळ्यांना दिसतं, रात्री कोण खातं ते कुणालाच ठाऊक नसतं. वर्ग बंद, कार्यालयं बंद, तरी मुख्य पॅनेलवर भार असतोच. त्यातला हॉस्टेलचा, रस्त्यावरच्या दिव्यांचा, सर्व्हरचा भाग वजा कर. उरलेला कुठे जातो ते फीडर-फीडर शोधून काढ. एक हिशेब कायम डोक्यात ठेव: रात्रंदिवस चालू राहिलेला एक किलोवॉट वर्षाला ८,७६० युनिट खातो. युनिटला दहाच रुपये धरलेस तरी सत्त्याऐंशी हजारांच्या वर जातात.

विज्ञान शाखेच्या रिकाम्या इमारतीत रात्री दहानंतर एक चक्कर मार. तिसऱ्या मजल्यावरचा वॉटर कूलर दर थोड्या वेळाने घरघरतो आणि सकाळपर्यंत कुणीच पिणार नाही असं पाणी गार करत बसतो. संगणक प्रयोगशाळेचं दार उघड. अंधारात मॉनिटरचे पिवळे ठिपके ओळीने लुकलुकत असतात. कोपऱ्यातल्या यूपीएसच्या पत्र्यावर तळहात ठेव, कोमट लागेल. ती ऊब बाहेर काढायला त्याच खोलीतला एसीही चालू असतो. कूलरला टायमर लाव. मोठ्या सुट्टीत प्रयोगशाळेचा यूपीएस बंद ठेव, फक्त बॅटऱ्या महिनोन्महिने तशाच पडू देऊ नकोस, अधूनमधून चार्ज करून घे.

पण हात आखडता कुठे घ्यायचा तेही लक्षात ठेव. जीवशास्त्राच्या विभागात उणे ऐंशी अंशांचे फ्रीझर असतात, इन्क्युबेटर असतात. विचारल्याशिवाय एकही स्विच पाडायचा नाही. कुणाची तीन वर्षांची नमुन्यांची मेहनत एका रात्रीत गेली, तर त्या विभागात तुला पुन्हा कुणी दारातही उभं करणार नाही. अशा प्लगवर लाल चिठ्ठी लाव, ‘बंद करू नये’. मग प्राध्यापकांशी शांतपणे बोल. बरेचसे नमुने उणे सत्तरलाही सुरक्षित राहतात आणि तेवढ्या दहा अंशांत फ्रीझरची वीज चांगली चौथ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त उतरते. निर्णय मात्र त्यांचा. रसायनशास्त्रातल्या फ्यूम हूडची काच काम नसताना खाली ओढलेली असावी, एवढं त्यांना जरूर सांग. खोली वातानुकूलित असेल तर वर राहिलेली काच गार केलेली हवा सतत बाहेर फेकत असते.

पंख्यांचं सांगतो, कारण पहिला प्रस्ताव तुझ्याकडे त्यांचाच येईल. साधा जुना पंखा पंच्याहत्तर वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा तीसच्या. म्हणून सरसकट सगळे बदला, असं कुणीही सांगेल. तू तास मोज. वर्गातला पंखा वर्षाचे दोनशे दिवस, रोज आठ तास चालला, तर ७२ युनिट वाचतात. ग्रंथालयाच्या वाचनकक्षातला पंखा रोज सोळा तास, वर्षातले तीनशे तीस दिवस फिरला, तर तोच बदल दोनशे सदतीस युनिट देतो. पंखा तोच, किंमत तीच, पण एका जागी पैसे जवळपास वर्षभरात सुटतात, दुसऱ्या जागी चार वर्षं लागतात. म्हणून आधी वाचनकक्ष, मेस, हॉस्टेलच्या खोल्या, वर्ग शेवटी. बीएलडीसी पंख्याला जुना रेग्युलेटर ठेवायचा नाही, तो काढून टाकायला वायरमनला बजाव. आणि वर्गासाठी रिमोटवाला पंखा घेऊ नकोस. रिमोट हरवतात, मग पंखा एकाच वेगावर अडकतो. भिंतीवरून वेग बदलता येणारा घे.

एसीबद्दल थोडक्यात. चोवीसच्या खाली आणू देऊ नकोस. एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. सर्व्हर रूमला अठरा अंश लागतात हा जुना समज आहे, आजची यंत्रं सत्तावीसपर्यंतच्या हवेत नीट चालतात. अरुंद डक्टमध्ये एकावर एक टांगलेली आउटडोअर युनिट्स मात्र डोळ्यांनी बघून ये. खालच्याची गरम हवा वरचा ओढतो आणि दोघंही दमतात.

बिल हातात घेशील तेव्हा युनिटच्या आकड्यावर थांबू नकोस. २०२० च्या एप्रिलपासून आपल्या राज्यात उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरही मोजणाऱ्या आकड्यावर येतं. पूर्वी कॅम्पसभर तांब्याचे चोक असलेल्या ट्यूब होत्या, तेव्हा त्यांच्यासाठी कपॅसिटर बसवले गेले. आता ट्यूब एलईडीच्या झाल्या आणि कपॅसिटर तसेच राहिले. रात्री भार कमी असताना तेच कपॅसिटर पॉवर फॅक्टर लीडिंगकडे नेतात आणि केव्हीएएच फुगतात. हे कपॅसिटर आपोआप जोडणारं-तोडणारं एपीएफसी पॅनेल ऑटोवर आहे की कुणीतरी कंटाळून मॅन्युअलवर टाकलं आहे, ते आजच उघडून बघ. मे महिन्यात दोन ट्रान्सफॉर्मर अर्ध्याहून कमी भारावर चालत असतील, तर भार एकावर घेऊन दुसरा उच्चदाबाच्या बाजूने बंद करता येतो का तेही तपास. रिकामा ट्रान्सफॉर्मरही चोवीस तास लोहहानी भरत असतो.

हॉस्टेलच्या गरम पाण्याकडे माझं विशेष लक्ष असायचं. शंभर लिटर पाणी पस्तीस अंशांनी तापवायला चार युनिट लागतात, मग गिझर कोणत्याही कंपनीचा असो. गच्चीवर सौर बंब असतात, पण त्यांची बॅकअप कॉइल रात्रभर चालू राहिली तर सकाळी सूर्याला तापवायला काही उरतच नाही. कॉइलला टायमर हवा, पहाटे तासभर आणि तोही ढगाळ दिवसांत. क्षाराचं पाणी असलेल्या गावात नळ्या आतून बुजतात, त्या वर्षातून एकदा साफ झाल्याच पाहिजेत.

जुन्या इमारतींशी भांडू नकोस. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत १८७१ साली पूर्ण झाली, तेव्हा ती राज्यपालांसाठी होती. उंच छत, रुंद व्हरांडे. गारव्यासाठी हेच साधन हाताशी असलेल्या काळातलं ते बांधकाम. आपण अशा इमारतींत फॉल्स सीलिंग ठोकून वरचे झरोके बुजवतो आणि मग एसी मागतो. आधी झरोके मोकळे कर, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली दे, वरच्या मजल्याच्या गच्चीला पांढरा लेप दे. सौर पॅनेल त्यानंतर. आधी भार उतरव, मग उरलेल्या भाराच्या मापाचं पॅनेल बसव, नाहीतर उधळपट्टीसाठी पॅनेल विकत घेतल्यासारखं होईल.

आणखी एक गोष्ट तुझ्या खात्याच्या बाहेरची आहे, तरीही कर. वेळापत्रक समितीच्या बैठकीला जाऊन बस. संध्याकाळचे चार वर्ग चार इमारतींत भरतात, म्हणून चारही इमारतींचे जिने, व्हरांडे, कूलर, पंप जागे राहतात. ते एकाच इमारतीत आणले की एक रुपयाही खर्च न करता तीन इमारती सहा वाजता झोपवता येतात. तिथल्या शिपायांना विश्वासात घे. कुठला बोर्ड कोणत्या खोलीचा ते त्यांना तुझ्या नकाशापेक्षा चांगलं कळतं. प्रत्येक डीबीच्या दारावर एमसीबींची मराठीतली यादी चिकटव, म्हणजे शेवटचा माणूस घाबरत घाबरत सगळं पाडण्याऐवजी नेमकं तेवढंच बंद करील.

पहिल्याच अंदाजपत्रकात कुलसचिवांकडे विभागवार मीटरचे पैसे माग. एसीच्या एका प्रस्तावापुढे तो खर्च किरकोळ आहे, आणि त्याशिवाय कोणत्या विभागाने किती वाचवलं हे तुला कधीच सिद्ध करता येणार नाही.