भाचीसाठी, गच्चीवरच्या छापखान्याबद्दल

अगं, मोबाईलमधली फिल्टरं फिरवून झाली असतील तर आता हाताने काहीतरी छाप. सायनोटाइप कर, म्हणजे उन्हात निळे प्रिंट काढ. कॅमेरा नसला तरी चालतो, डार्करूम लागतच नाही. जॉन हर्शेलने ही कृती १८४२ साली इंग्लंडात शोधली खरी, पण शोभते ती आपल्या गच्चीवर, कारण ऊन आपल्याकडे ढीगभर. पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी समुद्रातलं शेवाळ थेट कागदावर ठेवून छापायला आणि त्याचं पुस्तक काढायला सुरुवात केली. फोटोंनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचं नाव घेतात. तेव्हा पानं-फुलं ठेवून छापणं हा पोरखेळ आहे असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात मी लागलो तेव्हा अमोनिया प्रिंटचा जमाना आला होता, पण कपाटात जुन्या ब्ल्यू प्रिंटच्या गुंडाळ्या होत्याच. तेच हे रसायन.

लागतात दोन पावडरी. फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरवं, २५ ग्रॅम, १०० मिली पाण्यात. पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, तेही १०० मिली पाण्यात. दोन वेगळ्या गडद बाटल्या, आणि मिसळायचं ते त्या दिवशी लागेल तेवढंच, निम्मं-निम्मं. पहिल्या बाटलीवर बुरशी धरते; घाबरू नकोस, गाळून घे. दुसरीच्या नावात सायनाइड आहे म्हणून आई ओरडेल. तिला सांग, हाताळायला ते फारसं धोक्याचं नाही, मात्र त्याला तापवायचं नाही आणि जहाल अ‍ॅसिडजवळ न्यायचं नाही. तू धुणार बाथरूममध्ये, आणि तिथेच फरशी धुण्याच्या अ‍ॅसिडची बाटली असते. ती आधी बाहेर काढ, मग कामाला लाग. हातमोजे घाल. स्वयंपाकघरातला चमचा किंवा वाटी या कामाला एकदा वापरली की ती परत ओट्यावर जाता कामा नये.

या मिश्रणाचा लेप कागदावर ब्रशने लावायचा. ब्रश घेताना त्याची मान बघ. लोखंडी पट्टी असेल तर तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळ, नाहीतर कागदावर निळे ठिपके पडतात आणि आपण रसायनाला शिव्या देत बसतो. कागद जाड, पाण्यात भिजवला तरी न फाटणारा हवा. पुण्याला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून दोन-चार तऱ्हेचे आण आणि प्रत्येकाचा एकेक तुकडा छापून बघ. काही कागदांत खडूची भुकटी घातलेली असते. त्यावर निळा रंग फिका पडतो. कापडावर करायचं असेल तर मांजरपाट घे, पण त्यातली खळ दोन-तीनदा धुऊन पार काढल्याशिवाय लेप लावू नकोस.

लेप रात्री लाव, साध्या पिवळ्या बल्बखाली, आणि कागद कपाटात सुकू दे. पावसाळ्यात मात्र हा उद्योग नको. कागद सुकता सुकत नाही, आणि ओलसर राहिला की उन्हात जायच्या आधीच निळसर होऊ लागतो. आषाढ-श्रावणात पानं गोळा कर: सह्याद्रीतले नेचे, शेवग्याचा पाला, घाटातलं गवत. जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेव. छापायचं दिवाळीनंतर.

आता मुख्य गोष्ट. लेप सुकला की कागद पोपटी दिसतो. त्यावर पिंपळाचं जाळीदार पान किंवा पारदर्शक ओएचपी शीटवर काढलेली निगेटिव्ह ठेव, वर काच दाब, उन्हात ने. निगेटिव्ह जेवढी तेवढाच प्रिंट येतो, हे शीट छापून आणायला जाताना लक्षात असू दे. किती वेळ ठेवायचं, हे मला विचारू नकोस. मे महिन्यातल्या भर दुपारी पाच-सात मिनिटांत काम होईल, डिसेंबरात सकाळी त्याच्या दुप्पट-तिप्पट. घड्याळापेक्षा रंगाकडे बघ: उघडा भाग आधी निळा होतो, मग कळकट राखाडी, जुन्या पितळेवर डाग चढावेत तसा. तिथवर जाऊ दे. नवीन माणूस निळा दिसला की खूश होऊन आत आणतो आणि सगळं पाण्याबरोबर वाहून जातं.

म्हणून पहिल्या दिवशी चित्र काढूच नकोस. कागदाची एक पट्टी घे, वर पुठ्ठा ठेव आणि दर दोन मिनिटांनी पुठ्ठा दोन बोटं सरकव. धुतल्यावर कोणता पट्टा हवा ते दिसतं. मग मागच्या बाजूला लिही: कागद कोणता, महिना, वेळ, किती मिनिटं. लिहायचं शिसपेन्सिलीने, पेनाची शाई धुताना पसरते. आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदल. कागद बदललास तर वेळ तीच ठेव, वेळ बदललीस तर कागद तोच. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण तीन गोष्टी एकदम बदलून सुंदर प्रिंट आला तर तो नशिबाचा, तुझा नाही. पुन्हा काढून दाखव म्हटलं की बोंब.

धुणं साध्या पाण्यात, पांढऱ्या भागातला पिवळेपणा जाईपर्यंत. बोअरचं जड पाणी असेल तर पहिल्या पाण्यात लिंबाचे चार थेंब टाक. निळा रंग एका दिवसात आपोआप गडद होतो. धीर नसेल तर पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचं टोपणभर औषध घाल, क्षणात दिसेल.

निळ्याचा कंटाळा आला की धुण्याचा सोडा. लिटरभर पाण्यात चमचाभर. प्रिंट त्यात बुडवला की निळा रंग डोळ्यांदेखत उतरू लागतो. पुरता जाऊ देऊ नकोस. लगेच स्वच्छ पाण्यातून काढ आणि बिनदुधाच्या कडक चहात तासभर ठेव. चहातलं टॅनिन कागदातल्या लोहाला धरतं आणि तपकिरी-काळा रंग चढतो. हिरडा उकळून बघ, मला तो चहापेक्षा आवडतो. हिरडा आणि लोखंड घालून काळी शाई करायचे ते याच गुणावर. पांढरा भाग थोडा मळकट होतो, तो होणारच. पण हा प्रयोग चांगल्या प्रिंटवर नको. बिघडलेले प्रिंट त्यासाठीच राखून ठेव, टाकू नकोस.

कापडाचा प्रिंट कुणाला दिलास तर नेहमीची कपड्यांची पावडर वापरू नका असं बजाव; तिच्यातही सोडा असतो. आणि आत्याला फ्रेम देशील ती पश्चिमेच्या भिंतीवर लागणार, उन्हाने फिकी पडणार. फिकी झाली की काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवायची, रंग बराचसा परत येतो. हे तिला आधीच सांगून ठेव, नाहीतर ती बिचाऱ्या फ्रेमवाल्याशी भांडून येईल.