एक समुद्र, दोन प्रकारचे पाहुणे

शास्त्रवाचन : प्रे. कृत्ये २८:१-१०, मत्तय ७:१५-२०

पौलाचे तारू फुटले व तो एका बेटाला लागला, हा पाठ आपण शब्बाथशाळेत शिकवतो. प्रशांत महासागरातील द्वीपवासीयांच्या इतिहासातही असाच एक प्रसंग आहे.

राराटोंगा बेटावर १८२३ मध्ये सुवार्ता नेणारा पपेइहा हा युरोपियन मिशनरी नव्हता, सोसायटी बेटांवरचा द्वीपवासी होता. पुढे राराटोंगाचे शिक्षक मनिहिकी बेटावर गेले. तेथील मंडळीचा सेवक एलेकाना १८६१ मध्ये वादळात सापडला. त्याची होडी आठ आठवडे भरकटत सुमारे २,००० किलोमीटरवरील नुकुलाएलाए बेटाला लागली. हे बेट आज तुवालू देशात आहे. लोकांनी त्याचा पाहुणचार केला व त्याच्याकडून देववचन ऐकले. काही महिन्यांनी तो अधिक शिक्षणासाठी सामोआला गेला.

तो परतण्यापूर्वीच, १८६३ मध्ये, पेरू देशासाठी मजूर पळवणारे लोक तेथे आले. देवाविषयी शिकवण्याचे आमिष दाखवून त्यांनी सुमारे तीनशेपैकी अडीचशे माणसे नेली! १८६५ मध्ये एलेकाना इतर शिक्षकांबरोबर तुवालूत परतला, आणि उरलेल्यांतून मंडळी वाढली.

दोघेही समुद्रावरून आले, दोघांच्याही तोंडी देवाचे नाव होते. एकाने आपल्याजवळचे दिले, दुसऱ्यांनी माणसेच नेली. झाड फळांवरून ओळखावे, हे प्रभूने आपल्याला शिकवले आहे.

वर्गात विचारावे : आपण दुसऱ्यांच्या दारी जातो, ते देण्यासाठी की घेण्यासाठी?