दशांशाचा व्यवहारी अपूर्णांक

एका विद्यार्थिनीने संगणकावर पायथन भाषेत ०.१ चा व्यवहारी अपूर्णांक मागितला. उत्तर १/१० न येता सोळा अंकी अंश आणि सतरा अंकी छेद पुढे आला. ती म्हणाली, “यंत्र चुकले!” खरेच चुकले काय? ते पाहण्याआधी मूळ रीत समजून घेऊ.

३.१४१६ ही संख्या घ्या. दशांशचिन्हापुढे चार स्थळे आहेत, म्हणून ती ३१४१६/१०००० अशी मांडावी. आता तिला संक्षिप्त रूप द्यावयाचे. आपल्याला पाढ्यांमुळे भाजक सुचतो. यंत्राला आपण होऊन काहीच सुचत नाही, त्याला रीत सांगावी लागते. ती अशी : मोठ्या संख्येला लहान संख्येने भागावे, मग उरलेल्या बाकीने आधीच्या भाजकाला भागावे, बाकी शून्य येईपर्यंत असेच करावे. शेवटचा भाजक तोच मसावि.

३१४१६ = ३ × १०००० + १४१६
१०००० = ७ × १४१६ + ८८
१४१६ = १६ × ८८ + ८
८८ = ११ × ८ + ०

मसावि ८ आला. अंश व छेद यांना ८ ने भागता ३९२७/१२५० मिळतात. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) परिघाचे व्यासाशी सूक्ष्म प्रमाण म्हणून हाच अपूर्णांक दिला आहे! व्यवहारापुरते त्यांनी २२/७ सांगितले. तेही वरच्या मांडणीतच आहे : पहिले दोन भागाकार ३ आणि ७, त्यांवरून ३ + १/७, म्हणजेच २२/७. अर्थात लहान छेदाचा जवळचा अपूर्णांक हवा असेल, तर मध्येच थांबावे.

आता त्या विद्यार्थिनीच्या शंकेकडे वळू. १/३ जसा दशमान पद्धतीत कधी संपत नाही, तसा १/१० द्विमान पद्धतीत संपत नाही. यंत्र संख्या साधारणतः द्विमानात साठवते. म्हणून ०.१ लिहिताच त्याने अगदी जवळची दुसरी संख्या धरली आणि तिचा अपूर्णांक अचूक दिला. भागाकार चुकला नव्हता. दिलेली संख्याच बदलली होती. तिने ०.१ अवतरणचिन्हांत, म्हणजे अक्षरे म्हणून दिले, तेव्हा १/१० हेच उत्तर आले.

तात्पर्य, यंत्राला दोष देण्यापूर्वी आपण त्याच्या हाती काय दिले ते तपासावे. आता १.४१४२ चा अपूर्णांक कागदावर स्वतः काढून पाहा. ७०७१/५००० आला, तर रीत तुमची झाली.