आपल्या शिवारातले जुने शेजारी



मागील आठवड्यात परिसर अभ्यासाच्या तासाला चौथीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, बिबट्या आपल्या गावात कुठून आला?" मी उत्तर देण्याआधीच मागून आवाज आला, "जंगलातून!" साऱ्या वर्गाने माना डोलावल्या. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. उरलेले अर्धे सांगण्यासाठी हा पाठ लिहिला आहे. शाळेत येणाऱ्या पालकांनीही तो जरूर वाचावा.

१. कोरडवाहू दिवस

माझा जन्म १९६९ सालचा. मी याच गावचा आणि याच शाळेचा विद्यार्थी. आज जुन्नर तालुक्याच्या या पूर्व भागात जिकडे पाहावे तिकडे ऊस, टोमॅटो आणि द्राक्षबागा दिसतात. माझ्या लहानपणी येथे उघडा माळ होता. पावसावर बाजरी, मटकी, हुलगे व्हायचे. आडोसा म्हणाल तर बोरी-बाभळींचा.

या माळावर लांडगे होते. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. एकदा पहाटे दादांबरोबर बेल्ह्याच्या बाजाराला पायी चाललो होतो. उजाडता उजाडता समोरच्या टेकाडावर दोन लांडगे उभे दिसले. मी मागे वळून पळणार, तेवढ्यात दादांनी मनगट धरले. म्हणाले, "पळू नको. पळालास की तू शेळी झालास." आम्ही जागीच उभे राहिलो. दादांनी काठी जमिनीवर आपटली, मोठ्याने हाळी दिली. लांडगे आमच्याकडे बघत बघत सावकाश उतरून गेले. ते दादांचे वाक्य मी आजही विसरलो नाही.

गावाबाहेर मेलेली जनावरे टाकायची जागा होती. तिथे रात्री तरस यायचे. तरसाचे जबडे इतके बळकट की ते हाडेसुद्धा फोडून खाते. म्हणून त्याची विष्ठा वाळली की चुन्यासारखी पांढरी दिसते. आम्ही पोरे त्याला भुतासारखे भ्यायचो. पण गावाची घाण फुकट साफ करणारा तो शेजारी होता, हे कळायला मला मोठे व्हावे लागले. कोल्हे तर रोजचेच. दिवे मालवले की कोल्हेकुई सुरू व्हायची.

आणि बिबट्या? आमची माणसे त्याला वाघरूच म्हणत. ते असायचे पश्चिमेला, माळशेज आणि भीमाशंकरकडच्या डोंगरात. तिकडचे आदिवासी बांधव वाघबारसेला वाघोबाची पूजा करतात. आमच्या माळावर मात्र त्याला लपायलाच जागा नव्हती.

२. पाणी आले

१९७७ साली येडगावचे धरण झाले, १९८४ साली माणिकडोहचे. कुकडीचे पाणी कालव्याने माळावर आले आणि गावाचे दिवस पालटले. हे विसरून चालणार नाही. त्या पाण्यावरच आमची घरे पक्की झाली. मी शिकलो तोही त्याच पाण्यावर.

पण त्याच पाण्याने माळ मोडला. लांडगा आणि तरस यांना मोकळे रान लागते. ते हळूहळू दिसेनासे झाले. माळाच्या जागी ऊस उभा राहिला. ऊस बारा ते अठरा महिने शेतात असतो. आत दाट सावली, शेजारी पाणी, जवळच गावातली कुत्री, डुकरे आणि शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवे? मादीला एका वेळी बहुधा दोन-तीन पिल्ले होतात. ती उसातच जन्मतात, उसातच वाढतात. त्यांना खरे जंगल ठाऊकच नसते. म्हणजे मुलांनो, बिबट्याचे पूर्वज डोंगरातून आले असतील, पण आजचा बिबट्या पुष्कळदा आपल्या उसातच जन्मलेला असतो. हेच ते उरलेले अर्धे उत्तर.

३. माझी चूक

आता एक गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितलीच पाहिजे.

१९९४ सालची गोष्ट. मी नुकताच शिक्षक झालो होतो. आमच्या उसाला तोड आली होती. दुपारी फडातून आरडाओरड ऐकू आली. पाचटात दोन पिल्ले होती, मांजराएवढी, नुकते डोळे उघडलेली. तोडकऱ्यांचा मुकादम म्हणाला, "मास्तर, राहू द्या तिथंच. आई येईल."

मी ऐकले नाही. वाटले, उद्या शाळेतल्या मुलांना दाखवू. पिल्ले डालग्यात घालून घरी आणली. दूध पाजायला गेलो तर फिसकारून बोट ओरबाडले. आजी ओट्यावर बसली होती. ती एक अक्षर शिकलेली नव्हती. डालग्यात डोकावली आणि म्हणाली, "कुणाचं लेकरू उचलून आणलंस रं? आत्ताच्या आत्ता ठेवून ये. ती माय रात्री कुणाच्या दारात जाईल, ठावं हाय का तुला?"

मी म्हणालो, "आजी, एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

त्या रात्री मादी आमच्या घरी आली नाही. ती गेली फडाकडे. फडाच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या होत्या. ती रात्रभर तिथे घिरट्या घालत होती, गुरगुरत होती. कोपी म्हणजे काय, तर बांबू आणि पाचट. दारही नसते. एका कोपीत चार महिन्यांचे तान्हे बाळ होते. त्याची आई रात्रभर त्याला छातीशी धरून, चुलीत पाचट सारत, जाळ विझू न देता बसून राहिली. सकाळी मी गेलो तेव्हा कोपीभोवती ओल्या मातीत पावलेच पावले. एक पाऊल तर अगदी उंबऱ्याशी. ती बाई मला काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. तेवढे मला पुरे झाले.

त्याच दिवशी सांजेला पिल्ले जिथे सापडली होती तिथेच नेऊन ठेवली. तोडकऱ्यांना गावात देवळात झोपायला नेले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर पिल्ले नव्हती, मादीची पावले तेवढी होती. ती पिल्ले घेऊन गेली होती.

शिकलेला मी चुकलो. आजी आणि मुकादम बरोबर होते. आज वनखातेही हेच करते. पिल्ले सापडली तर ती खोक्यात घालून त्याच शेतात ठेवतात आणि आई येऊन नेते.

४. पिंजऱ्याने प्रश्न सुटतो का?

२००१ ते २००३ या काळात आपल्या भागात माणसांवरचे हल्ले फार वाढले. पुष्कळ बिबटे पिंजऱ्यात धरले, काही दूरच्या जंगलात नेऊन सोडले. तरी त्रास मिटला नाही. एका बिबट्याची जागा रिकामी झाली की दुसरा येतो, आणि सोडलेला बिबट्या परक्या मुलखात बावरतो. काही बिबटे माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात आहेत. माणसावर हल्ला करणारा बिबट्या पकडलाच पाहिजे. आपल्या तालुक्यात लेकरे गमावलेली घरे आहेत. त्यांचे दुःख लहान नाही. परंतु ऊस आहे तोवर बिबट्या राहणार, हे धरूनच आपण वागायला शिकले पाहिजे.

लक्षात ठेवा

१. सांजेनंतर व पहाटे एकट्याने उसाच्या कडेने जाऊ नये. सोबत मोठे माणूस, हातात काठी व बॅटरी असावी. मोठ्याने बोलत जावे.
२. शेतात वाकून किंवा खाली बसून असलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. लहान मुलांना बांधावर एकटे बसवू नये. शौचास बाहेर जाऊ नये.
३. शेळ्या व कुत्री रात्री बंद गोठ्यात ठेवावीत. मेलेली जनावरे व कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकू नये.
४. बिबट्या दिसला तर पळू नये. तोंड त्याच्याकडेच ठेवून, हात वर करून ओरडावे व हळूहळू मागे सरावे. त्याच्याभोवती गर्दी करू नये.
५. पिल्लांना हात लावू नये. लगेच दूर व्हावे आणि वडीलधाऱ्यांमार्फत वनखात्याला कळवावे.

पालकांना विनंती : रात्रीची वीज आली म्हणून पाणी धरायला एकट्याने जाऊ नका. दोघे-तिघे मिळून पाळी लावा.

स्वाध्याय

१. आजी-आजोबांना विचारा : त्यांनी लहानपणी कोणकोणते रानटी प्राणी पाहिले? कोठे?
२. गावाचा नकाशा काढून त्या जागांवर खुणा करा. आज तिथे काय आहे ते लिहा.
३. "पळालास की तू शेळी झालास." या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.

चांगली उत्तरे पुढील महिन्यात याच फलकावर लावू.

— तुमचे गुरुजी