रात्री फोन कोण उचलणार?

सकाळी हर्नियाचं ऑपरेशन, संध्याकाळी घरी! डे-केअर सेंटरच्या डॉक्टरांनी असं सांगितल्यावर मला कोण आनंद झाला. शेजारच्या खाटेवरचं कण्हणं नाही, पहाटे थर्मामीटर घेऊन उठवणारी सिस्टर नाही. पाचच्या सुमारास पायांत जीव आला, चार पावलं चाललो, चहा-बिस्किट घेतलं आणि निघालो.

आमचं घर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिने कसेबसे चढलो. पण रात्री अकरा वाजले तरी लघवी होईना. ओटीपोट दगडासारखं झालं. पाठीत इंजेक्शन देऊन हर्नियाचं ऑपरेशन केल्यावर लघवी अशी तुंबू शकते, हे मला नंतर कळलं. वॉर्डात सिस्टरनं आठलाच विचारलं असतं. मी घरात लाजेपायी दहापर्यंत गप्प. हिनं सेंटरला फोन लावला, तर नुसती घंटी वाजत राहिली. शेवटी शेजारच्या मुलानं आणि रिक्षावाल्यानं मला खुर्चीत बसवून खाली उतरवलं. जवळच्या नर्सिंग होममध्ये नळी घातली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

तरी मी डे-केअरला नावं ठेवणार नाही. ग्लासगोचे सर्जन जेम्स निकोल यांनी मुलांवर अशी ८,९८८ ऑपरेशनं केल्याचं १९०९ मध्येच मांडलं होतं. फक्त घरची व्यवस्था नीट हवी, हा त्यांचा आग्रह होता. आमचा जिना कुणी विचारला नाही. मीही सांगितला नाही.

तेव्हा तारीख घेण्याआधीच विचारा: लघवी झाल्याशिवाय सोडणार नाही ना? मुक्कामाची वेळ आली तर कुठे हलवणार? मेडिक्लेममध्ये साधारणपणे २४ तास भरती राहण्याची अट असते, डे-केअर ऑपरेशनांना तीतून सूट मिळते. आपलं ऑपरेशन त्यात बसतं का, हे कंपनीकडून आधीच लेखी घ्या. पहिले २४ तास घरात जाणतं माणूस हवंच. तेवढा वेळ स्कूटर नको आणि कुठल्या कागदावर सहीही नको.

गेल्या महिन्यात मेहुण्याचं असंच ऑपरेशन ठरलं. सेंटरनं दिलेला नंबर मी आदल्या रात्री अकराला मुद्दाम लावून पाहिला. डॉक्टर जरा वैतागले, पण फोन उचलला.