संगणकाचा कारभार

मुलांनो, तुम्ही संगणक पाहिला आहे. कळ दाबली की पडद्यावर अक्षर उमटते. पण कळीची हाक पडद्यापर्यंत कोण पोचवते? हे काम 'ऑपरेटिंग सिस्टिम' नावाची प्रणाली करते. कोणते काम आधी करायचे, कोणत्या कामाला किती मेमरी द्यायची, हा सारा कारभार ती पाहते.

१९८१ साली आयबीएम कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. त्याच्या सर्वांत साध्या नमुन्यात अवघी १६ किलोबाइट मेमरी होती. त्यासाठी 'डॉस' ही प्रणाली होती. डॉस लहान होती. ती एका वेळी एकच काम करी. प्रोग्रॅमला जास्तीत जास्त ६४० किलोबाइट जागा मिळे. तेव्हा तेवढी जागा पुष्कळ वाटे.

पण यंत्र वाढत गेले. १९८५ साली इंटेल कंपनीचा ३८६ हा प्रोसेसर आला. तो ४ गिगाबाइटपर्यंत मेमरी हाताळू शके. अनेक कामे एकाच वेळी, पण वेगवेगळी ठेवून चालवण्याची सोयही त्यात होती. डॉसला तिचा पुरा उपयोग करता येईना. जणू वाड्याला नवी दालने बांधली, पण कारभाऱ्याच्या हाती किल्ली एका जुन्या खोलीचीच!

१९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने ३८६ संगणकासाठी 'लिनक्स' लिहायला घेतली. १९९५ साली 'विंडोज ९५' आली. तिला निदान ४ मेगाबाइट मेमरी लागे. पण डॉसचे बहुतेक जुने प्रोग्रॅमही तिच्यावर चालत. जुने काम वाया जात नाही, हे पाहून लोकांनी तिला आपलेसे केले.

मात्र या वाटचालीला दुसरी बाजूही आहे. २०२१ साली आलेल्या 'विंडोज ११' ला निदान ४ गिगाबाइट मेमरी आणि नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक चालू संगणक मागे पडले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' ची नेहमीची देखभालही संपली. असा संगणक लगेच भंगारात द्यावा का? नाही. त्यावर हलकी लिनक्स प्रणाली बसवून लेखन, वाचन, अभ्यास करता येतो.

प्रणाली नवी की जुनी, एवढेच पाहू नये. आपले यंत्र कोणते आणि आपले काम कोणते, हेही पाहावे.

स्वाध्याय
१. डॉस मागे का पडली?
२. लोकांनी 'विंडोज ९५' का स्वीकारली?
३. जुन्या संगणकाचा उपयोग कसा करता येईल? पाच ओळी लिहा.