छतावरची छत्री आणि तिचा बोलणारा डबा

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी नद्यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. आमच्या दुकानातील कापडाची थाने भिजली. हे नुकसान मोठेच. पण त्याहून जास्त बोचला तो मुकेपणा. वीज गेली, मोबाईल बंद पडले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या, आणि एका गावची खबर दुसऱ्या गावाला मिळेना.

अशा वेळी उपयोगी पडू शकते ते उपग्रहाचे दळणवळण, म्हणजे व्हीसॅट. ही विद्या आपल्याला नवी नाही. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७१ मध्ये उपग्रह भूकेंद्र सुरू झाले; १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने व्हीसॅटवरूनच देशभरचे दलाल जोडले. टीव्हीची छत्री फक्त ऐकते, व्हीसॅटची छत्री बोलतेही. तिचा आवाज सुमारे ३६,००० किलोमीटर वर पोहोचवणारे यंत्र म्हणजे सॉलिड स्टेट पॉवर अॅम्प्लिफायर. घेण्यापूर्वी व्यापारी बांधवांनी त्याचे गुण समजून घ्यावेत.

१) जागा : हा डबा खोलीत न ठेवता छत्रीच्या तोंडाशी बसवतात. केयू पट्ट्यात १४ गिगाहर्ट्झच्या आसपास लहरी वर पाठवतात. त्या लांब केबलमधून नेल्या तर निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच जिरते. म्हणून खालून हलक्या वारंवारितेचा संकेत पाठवून तो वरच बदलतात व वाढवतात. लहान यंत्रांना वीजही त्याच केबलमधून मिळते.

२) अर्धवाहक : जुन्या पद्धतीच्या नळीला हजारो व्होल्ट लागतात आणि तापायला काही मिनिटे जातात. अर्धवाहकाचे काम कमी व्होल्टवर, तात्काळ सुरू होते. मोठ्या यंत्रांत अनेक ट्रान्झिस्टर जोडीने राबतात. एक गेला तर आवाज कमी होतो, बंद पडत नाही. पूर्वी गॅलियम आर्सेनाइड वापरीत. आता गॅलियम नायट्राइडमुळे लहान डब्यातून जास्त वॅट मिळतात.

३) उष्णता : घेतलेल्या विजेचा थोडाच भाग लहर होतो, बाकीची उष्णता. ती बाहेर टाकण्यासाठी डब्यावर धातूचे पंख असतात. त्यांवर शेवाळ, धूळ, घरटी साचू देऊ नयेत.

४) पाणी : डब्यावर आयपी ६५ किंवा अधिक दर्जा पाहावा. ६ म्हणजे धूळबंद, ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला दाद न देणारा. पण डबा कितीही पक्का असला तरी पाणी बहुधा केबलच्या जोडातून शिरते. जोडावर एकजीव होणारी रबरी टेप हवी आणि केबलला खाली झोल हवा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकते.

५) वॅट : मुसळधार पाऊस केयू लहरी शोषतो, सी पट्ट्याला त्रास कमी, पण त्याची छत्री मोठी लागते. ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी; ती भरून काढायला दुप्पट वॅट हवेत. म्हणून आपल्या मुलखात वॅट हातचे राखून घ्यावेत. विक्रेत्याला कमाल वॅट नव्हे, शुद्ध आवाजाचे वॅट विचारावेत. कर्णा फार वाढवला की आवाज फाटतो, तसे हे यंत्र फाटले तर शेजारच्या वाहिनीत गोंधळ होतो.

कारागीर बांधवांनाही यात काम आहे. वाऱ्याला न हलणारा खांब, नीट अर्थिंग, वीजरोधक, पावसाळ्यापूर्वी जोडांची तपासणी, ही कामे आपल्याच वेल्डर व इलेक्ट्रिशियनची. मात्र यंत्र चालू असताना छत्रीच्या तोंडासमोर उभे राहू नये. जोडणी परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी. स्वतःहून लहरी पाठवणे गुन्हा आहे.

एका दुकानाला हा खर्च जड जाईल. बाजारपेठेने मिळून एक जोडणी घ्यावी. आणि मुख्य गोष्ट : छत्री छतावर असून भागत नाही, तिचा मोडेम व बॅटरी तळमजल्यावर असतील तर पहिल्याच पुरात ती मुकी होईल. दोन्ही वरच्या मजल्यावर ठेवावीत. आम्ही हा धडा भिजलेल्या थानांची किंमत मोजून शिकलो; आपण वाचून शिकावा.